शंभरावी आकृती

जेऊरच्या शिवारात केळीची लागण करायची आहे. सरी शंभर फूट लांब आहे आणि दोन रोपांत पाच फूट अंतर ठेवायचे आहे. एका सरीला किती रोपे लागतील? शंभराला पाचने भागले की वीस येतात, आणि बहुतेक जण तेच उत्तर देतात. पण सरीच्या दोन्ही टोकांना रोप लावायचे असेल तर एक रोप कमी पडते. वीस ही रोपांमधल्या अंतरांची संख्या आहे. रोपे एकवीस लागतात. सरी दोनशे फुटांची झाली तर रोपे बेचाळीस होत नाहीत, एक्केचाळीस होतात.

उजनी जलाशयाच्या पाण्यावर करमाळा तालुक्याच्या या पट्ट्यात ऊस आणि केळी उभी राहिली. इथे दरवर्षी लागण करणाऱ्या शेतकऱ्याला प्रत्येक सरीसाठी नव्याने बोटे मोजावी लागत नाहीत. ‘अंतरापेक्षा रोप एक जास्त’ हे त्याच्या मनात पक्के असते. हे एकच वाक्य पन्नास फुटांच्या सरीला लागू पडते, पाचशे फुटांच्या सरीला पडते, बांधावरच्या कुंपणाच्या खांबांनाही पडते. जेऊर स्टेशनात थांबलेल्या गाडीचे डबे मोजले तर डब्यांमधले जोड डब्यांपेक्षा एकाने कमी भरतात. गोष्ट तीच आहे.

समोरच्या दोन-चार उदाहरणांतून न पाहिलेल्या सगळ्या उदाहरणांना लागू पडेल असे काही सांगणे, याला गणितात सामान्यीकरण म्हणतात. बीजगणिताचा हाच पाया. शाळेत मात्र बीजगणित अक्षरांपासून सुरू होते आणि पुष्कळ मुलांना ती अक्षरे कुठून आली हे कधीच कळत नाही. मुले नियम कसा शोधतात, कुठे अडखळतात आणि कशाने पुढे जातात, याचा शोध या प्रकरणात घेऊ.

शाळेच्या आधीचे नियम

आकडे म्हणायला शिकणारे मूल ऐका. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असे ते म्हणत जाते. एकोणऐंशी आणि एकोणनव्वदही बरोबर येतात. मग अठ्ठ्याण्णव झाल्यावर ते बेधडक म्हणते, ‘एकोणशंभर’. मोठी माणसे हसतात आणि ‘नव्व्याण्णव’ अशी दुरुस्ती करतात. पण मुलाने काय केले ते पाहा. ‘एकोणशंभर’ हा शब्द त्याने कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. दहाच्या पुढच्या पटीत एक कमी असेल तर काय म्हणायचे, हा नियम त्याने स्वतः काढला आणि न ऐकलेल्या ठिकाणी वापरला. चूक भाषेतल्या अपवादाची आहे, विचार अगदी सरळ आहे.

मुलांच्या या नियम शोधण्याला मदत व्हावी, हाच २०१९ मधल्या एका मोठ्या वादाचा विषय होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’, ‘बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर चर्चा पेटली. गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली. त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतात आणि लिहिताना पाच आधी लिहावे लागतात, यात लहान मुले गोंधळतात. सोलापूर जिल्ह्यात कानावर पडणाऱ्या कन्नड आणि तेलुगू भाषांत एकवीसला आधी वीस आणि मग एकच म्हणतात. बदल कुणाला पटो वा न पटो, त्यामागचा विचार महत्त्वाचा आहे. रचना जितकी उघडी, तितका नियम मुलाच्या हाती लवकर लागतो.

म्हणजे सामान्यीकरण ही मोजक्या हुशार मुलांना मिळालेली देणगी नाही. प्रत्येक मूल शाळेत येते तेव्हा ते करतच येते. त्याला सांगता येणारे, तपासता येणारे आणि लिहिता येणारे रूप देणे हे शाळेचे काम आहे.

काड्यांचे चौकोन

काडेपेटीतल्या काड्या घ्या. चार काड्यांचा एक चौकोन करा. त्याला चिकटून दुसरा करा. मधली काडी दोघांत सामाईक असल्यामुळे तीनच जास्त लागतात. तिसरा करा, चौथा करा. काड्या लागतात ४, ७, १०, १३. बालभारतीच्या प्राथमिक पुस्तकांत अशा रचनांना आकृतिबंध म्हणतात.

पाचव्या आकृतीला किती काड्या लागतील, हे जवळजवळ सगळी मुले सांगतात: सोळा. दहावी विचारली तर काही मुले तीन-तीन मिळवत एकतीसपर्यंत पोचतात. आता विसावी विचारा. पुष्कळ मुले म्हणतील, दहाव्या आकृतीला एकतीस तर विसाव्या आकृतीला दुप्पट, म्हणजे बासष्ट. बरोबर उत्तर एकसष्ट आहे. दहा चौकोनांच्या दोन पट्ट्या जोडल्या तर जोडाच्या जागी एक काडी दोनदा मोजली जाते. केळीच्या दोनशे फुटी सरीत होते तीच ही चूक. ऑस्ट्रेलियातल्या गणितशिक्षणाच्या अभ्यासक के स्टेसी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिड्यांच्या आकृत्यांवर असेच प्रश्न विचारले होते. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांनी असेच थेट प्रमाण लावल्याचे त्यात वारंवार दिसले. दुप्पट केले की दुप्पट होते, हा नियम मुलांना इतका ओळखीचा असतो की ती तो न तपासता लावून टाकतात.

ही अडचण ‘आणखी मोजा’ म्हणून सुटत नाही. आकृतीकडे पाहावे लागते, आणि आकृती वेगवेगळ्या नजरांनी पाहता येते. एक मुलगी म्हणेल, सुरुवातीची एक उभी काडी, मग प्रत्येक चौकोनाला तीन. शंभर चौकोनांना १ + ३ × १००. दुसरा म्हणेल, पहिला चौकोन चार काड्यांचा, पुढचे नव्याण्णव तीन-तीनचे: ४ + ३ × ९९. तिसरी आडव्या-उभ्या काड्या वेगळ्या मोजेल: वरच्या शंभर, खालच्या शंभर आणि उभ्या एकशे एक. चौथा प्रत्येक चौकोनाला चार काड्या देईल आणि दोनदा मोजलेल्या नव्याण्णव काड्या वजा करेल: ४ × १०० − ९९. चौघांचेही उत्तर ३०१ येते.

वर्गातला मोलाचा क्षण हा आहे. चार मुलांनी चार वेगळ्या गोष्टी पाहिल्या, चारही बरोबर आहेत आणि प्रत्येकाला आपली पद्धत का चालते हे आकृतीवर बोट ठेवून सांगता येते. चौकोनांच्या संख्येला ‘न’ म्हटले की पहिलीचे म्हणणे ३न + १ होते, दुसऱ्याचे ४ + ३(न − १), तिसरीचे न + न + (न + १), चौथ्याचे ४न − (न − १). आता कंस सोडवून ही चारही रूपे एकच आहेत हे दाखवायला मुलांना स्वतःचे कारण मिळते. एरवी पुस्तकातला ‘सरळ रूप द्या’ हा हुकूम असतो. इथे आपण चौघे एकच बोलत होतो का, हा खरा प्रश्न असतो.

शिक्षकाने इथे एक गोष्ट जपायची. मुलांनी ४ + ३ + ३ असे म्हटले तर लगेच ‘म्हणजे दहा’ असे लिहू नये. दहा लिहिले की चौकोन पुसले जातात. ४ + ३ + ३ मध्ये ते अजून दिसत असतात. बेरीज पूर्ण करण्याची घाई हा प्राथमिक वर्गातला गुण असतो, नियम शोधताना तोच आड येतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर केलेल्या कामाचा गाभा हाच होता. अंकगणितातली राशी उत्तर काढण्यासाठीची सूचना म्हणून न पाहता पदांची रचना म्हणून पाहायला शिकवायचे, म्हणजे तिथून बीजगणितात जाताना मुलांना उडी मारावी लागत नाही.

तक्ता की तिकीट?

दौंड–सोलापूर मार्गावर पारेवाडी, वाशिंबे, पोफळज आणि जेऊर ही स्टेशने ओळीने येतात. या चार स्टेशनांमध्ये प्रवास करायचा तर किती प्रकारची तिकिटे लागतील? जेऊर ते वाशिंबे आणि वाशिंबे ते जेऊर ही वेगळी तिकिटे धरायची.

दोन स्टेशने असतील तर २, तीन असतील तर ६, चार असतील तर १२, पाच असतील तर २०. शाळेत अशा वेळी तक्ता करायची सवय असते. तक्त्यात फरक दिसतात ४, ६, ८. पुढचा फरक १० असणार, म्हणून सहा स्टेशनांना ३० तिकिटे. उत्तर बरोबर आहे, पण मुलाने पाहिले फक्त आकडे. चाळीस स्टेशने असतील तर त्याला चाळिसाव्या ओळीपर्यंत तक्ता ओढत न्यावा लागेल, आणि मधल्या एका बेरजेत घसरले तर कळणारही नाही.

आता तक्ता मिटवून तिकिटाकडे पाहू. तिकिटावर दोन नावे असतात: कुठून आणि कुठे. ‘कुठून’ साठी चाळीस पर्याय. ते ठरले की ‘कुठे’ साठी एकोणचाळीस, कारण जेऊरहून जेऊरचे तिकीट कुणी काढत नाही. म्हणून ४० × ३९, म्हणजे १५६०. स्टेशने कितीही असोत, न × (न − १). एकही फरक काढावा लागला नाही, आणि सूत्र का खरे आहे हेही त्याच वाक्यात आले.

इथे सामान्यीकरणाची पुढची पायरी आहे. संक्रांतीला चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने प्रत्येकाला तिळगूळ दिला तर देवाणघेवाण किती वेळा होईल? पुन्हा १५६०. देणारा म्हणजे ‘कुठून’ आणि घेणारा म्हणजे ‘कुठे’. आठ संघांच्या कबड्डी स्पर्धेत प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदाच खेळला तर ८ × ७ च्या निम्मे, २८ सामने होतील. निम्मे यासाठी की अ विरुद्ध ब आणि ब विरुद्ध अ हा एकच सामना. तिकीट, तिळगूळ आणि कबड्डी यांत वरवर काहीच सारखे नाही. रचना सारखी आहे हे ज्याला दिसले त्याने तीन गणिते सोडवली नाहीत, एकच सोडवले.

पंधरा ते आठ

दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना ‘पंधरा ते आठ’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर आणि खाली चौदा, तेरा असे एकेक कमी करत दोन्ही बाजूंना आठपर्यंत यायचे, आणि प्रत्येक ओळीचे ठिपके आधीच्या ओळीच्या ठिपक्यांच्या मधोमध ठेवायचे. षटकोन तयार होतो. एकूण ठिपके किती?

ओळीने बेरीज केली तर १५ मध्ये चौदापासून आठपर्यंतच्या बेरजेची दुप्पट मिळवायची: १५ + २ × ७७ = १६९. दुसरी नजर केंद्रापासून बाहेर जाते. मध्ये एक ठिपका, त्याच्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा, असे करत सातव्या कड्यात बेचाळीस. म्हणजे १ + ६ × (१ + २ + … + ७), पुन्हा १६९. तिसरी नजर आणखी नेमकी आहे. केंद्राचा ठिपका बाजूला ठेवला तर उरलेले ठिपके तीन सारख्या तिरप्या पट्ट्यांत वाटता येतात, प्रत्येक पट्टीत आठ ठिपक्यांच्या सात ओळी. म्हणून १ + ३ × ८ × ७. ‘सात ते चार’ च्या रांगोळीला याच रीतीने १ + ३ × ४ × ३, म्हणजे ३७ ठिपके लागतात. बाजूवर ‘न’ ठिपके असतील तर १ + ३ × न × (न − १).

लहान षटकोनांपासून सुरुवात केली तर ठिपके होतात १, ७, १९, ३७. त्यांची बेरीज करत जा: १, ८, २७, ६४. हे १, २, ३, ४ यांचे घन आहेत. सपाट रांगोळीत घन कुठून आले? चार गुणिले चार गुणिले चार ठोकळ्यांचा घन घेऊन त्याच्या एका कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन बाजूंवरचे ठोकळे सोलून काढा. आत तीनचा घन उरतो. सोललेल्या टरफलात ६४ − २७ = ३७ ठोकळे असतात, आणि कोपऱ्याच्या दिशेने पाहिले की ते टरफल षटकोनी दिसते, अगदी सात ते चारच्या रांगोळीसारखे. ठिपके मोजण्यापासून निघालेली मुलगी इथे घनापर्यंत पोचते, आणि तिच्या हातात रांगोळीशिवाय दुसरे साधन नसते.

देवळालीचे मास्तर आणि हातचा

आकृतिबंध शोधण्यासाठी आयुष्य दिलेला शिक्षक महाराष्ट्रात होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. विद्यापीठातली जागा नाही, हाताशी कागद, पेन्सिल आणि संख्यांचे वेड. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले.

कापरेकरांनी काही संख्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. ज्या स्टेशनावर त्यांना ती कल्पना सुचली, त्याच्या नावावरून हे नाव आले. ते स्टेशन मुंबईजवळचे, ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेवरचे. डेम्लो संख्यांमधल्या सर्वांत देखण्या संख्या अशा:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

पुढचे उत्तर कुठलेही मूल न गुणता सांगेल: १२३४५४३२१. ते बरोबरही येते. नऊ एककांपर्यंत, म्हणजे नऊ वेळा १ लिहिलेल्या संख्येपर्यंत, नियम टिकतो: १२३४५६७८९८७६५४३२१. मग दहा एकक घ्या. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ गायब झाला, मध्ये दोन शून्ये आली, डौल मोडला.

ज्या मुलाने फक्त उत्तरांचा आकार पाहिला होता त्याला इथे धक्का बसतो. ज्याने गुणाकार मांडून पाहिला होता त्याला नवल वाटत नाही. उभ्या मांडणीत प्रत्येक ओळ एककांचीच असते आणि दर ओळीला एक घर डावीकडे सरकते. मधल्या स्तंभात जितके एकक, तितकी तिथली बेरीज. नऊपर्यंत ती एका अंकात मावते. दहाव्या वेळी बेरीज दहा होते, हातचा घ्यावा लागतो आणि तो शेजारचे अंक बदलत जातो. नियम कुठे मोडणार हे मोडण्याच्या आधी सांगता येते, कारण नियम कशामुळे चालत होता हे माहीत असते.

माझ्या मते या साऱ्या विषयाचे सार इथे आहे. पुढचा आकडा ओळखणे म्हणजे अंदाज. तो अंदाज कशाच्या आधाराने उभा आहे हे सांगता आले तर ते सामान्यीकरण. कारण हाती असले की नियम किती दूर चालतो आणि कुठे थांबतो, दोन्ही कळते.

कापरेकरांची सर्वांत प्रसिद्ध कामगिरी हीच शिकवण पुन्हा देते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा; आलेल्या उत्तरावर तेच करा. ८२५ घेतले तर ८५२ − २५८ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५, आणि पुढे नेहमी ४९५च. का? मोठा अंक अ, मधला ब, लहान क मानू. वजाबाकीत ब नाहीसा होतो आणि उरते ९९ × (अ − क). म्हणजे पहिल्याच पायरीला उत्तर ९९, १९८, २९७ अशा नऊ संख्यांपैकी एक असणार. (९९ आले तर ते ०९९ असे तीन अंकी मानायचे.) या नऊ तपासल्या की सगळ्या तीन अंकी संख्या तपासल्यासारख्या आहेत, आणि त्या नऊही ४९५ ला पोचतात. आठवीतल्या मुलाला पूर्ण करता येईल अशी ही सिद्धता आहे, आणि अक्षर कशासाठी वापरायचे याचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

चार अंकी संख्यांना असेच केले तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. कापरेकरांनी ही संख्या १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. तीन अंकांना ४९५, चार अंकांना ६१७४. मग पाच अंकांनाही अशी एक संख्या असेल, असे वाटणारच. ती नाही. पाच अंकी संख्या एका ठिकाणी स्थिरावत नाहीत, ठरावीक चक्रांत फिरत राहतात.

उपपत्तीची परंपरा

कारण मागण्याची ही वृत्ती आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’ त श्रेढींचे नियम आहेत. आधी नियम सांगायचा आणि मग उदाहरण द्यायचे, ही तिची रीत. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे नोंदले आहे. पुढे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’ वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि त्यात नियमांच्या उपपत्ती दिल्या. नियम पाठ असणे त्यांना पुरेसे वाटले नाही. तो का खरा आहे हे शिकणाऱ्याला कळले पाहिजे, असे त्यांना वाटले.

आपल्या वर्गांत नियम टिकला आणि उपपत्ती मागे पडली. दहावीत अंकगणिती श्रेढीचे सूत्र येते: ‘न’ वे पद काढायचे तर पहिल्या पदात सामान्य फरकाची (न − १) पट मिळवायची. असंख्य मुले हे सूत्र पाठ करतात आणि परीक्षेत ‘न’ की ‘न − १’ यात अडकतात. पदे म्हणजे सरीतली रोपे आणि फरक म्हणजे त्यांच्यामधली अंतरे, हे एकदा दिसले तर हा गोंधळ उरत नाही. एकवीस रोपांना वीस अंतरे, म्हणून एकविसाव्या पदापर्यंत जायला वीस वेळा फरक मिळवायचा.

वर्गात काय करता येते

पहिली गोष्ट प्रश्नांच्या क्रमाची. आधी पुढची आकृती विचारावी, ती काढता येते. मग दहावी, ती कष्टाने मोजता येते. मग शंभरावी, ती काढता येत नाही, म्हणून रचना पाहावीच लागते. शेवटी ‘कोणतीही’. ‘पुढे काय येईल’ वर थांबणारा धडा मुलांना मिळवत राहायला शिकवतो, त्यापलीकडे नेत नाही.

दुसरी गोष्ट अक्षराच्या वेळेची. कॅनडातले संशोधक लुईस रॅडफर्ड यांनी शाळकरी मुलांचे निरीक्षण करून दाखवले की सामान्यीकरण अक्षरांच्या कितीतरी आधी सुरू होते. मुले बोटाने दाखवतात, हाताने लय धरतात, ‘वरची ओळ, खालची ओळ आणि एक’ असे म्हणतात. हा विचार कच्चा नाही, त्याला अजून चिन्ह मिळालेले नाही इतकेच. मुलाला आधी आपल्या बोलीत नियम सांगू द्यावा. ‘जितके चौकोन, त्याच्या तिप्पट आन् वर येक’ हे जेऊरच्या मुलाचे वाक्य ३न + १ इतकेच नेमके आहे. वाक्य लांब वाटू लागले की अक्षर आपोआप हवेसे होते.

तिसरी गोष्ट ‘का’ विचारण्याची, आणि तो प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारण्याची. चुकीच्या उत्तरालाच ‘का’ विचारले तर मुले समजतात की ‘का’ म्हणजे चुकले. बासष्ट म्हणणाऱ्याला आणि एकसष्ट म्हणणाऱ्याला एकाच आवाजात ‘आकृतीत दाखव’ म्हणावे.

चौथी गोष्ट मोडणाऱ्या नियमांची. मुलांना सतत चालणारेच नियम दाखवले तर तीन उदाहरणांवर विश्वास ठेवायची सवय लागते. दहा एककांचा वर्ग वर्गात एकदा हाताने करून घ्यावा. त्यानंतर ‘नेहमी असेच होईल का?’ हा प्रश्न मुले स्वतः विचारू लागतात, आणि तो विचारणारे मूल बीजगणितासाठी तयार झालेले असते.

करून पाहा

१. दिनदर्शिकेच्या पानावर शेजारच्या चार तारखांचा चौकोन घ्या. तिरप्या समोरासमोरच्या तारखांच्या बेरजा सारख्या का येतात? पहिल्या तारखेला ‘त’ म्हणून सांगा.

२. करमाळ्याच्या कमलाभवानी मंदिराजवळची बारव ९६ पायऱ्यांची म्हणून ओळखली जाते. एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढायच्या असतील तर तीन पायऱ्या तीन प्रकारे चढता येतात, चार पायऱ्या पाच प्रकारे. सहा पायऱ्या किती प्रकारे? शेवटची ढांग एका पायरीची होती की दोन पायऱ्यांची, यावर विचार करा. (९६ पायऱ्यांसाठी उत्तर वीस अंकी येते.)

३. कापरेकरांची रीत दोन अंकी संख्यांवर वापरा. ९, ८१, ६३, २७, ४५ हे चक्र सापडेल. यातली प्रत्येक संख्या नऊच्या पटीत का आहे? दशकाच्या अंकाला अ आणि एककाच्या अंकाला ब म्हणा, आणि कारण एका वाक्यात लिहा.

४. स्वतः एक आकृतिबंध तयार करा आणि मित्राला शंभरावी आकृती विचारा. त्याचे सूत्र तुमच्यापेक्षा वेगळे आले, तर दोन्ही एकच आहेत का हे दोघांनी मिळून ठरवा.